मुंबईच्या संत थोमा देवालयाच्या भिंती

(अभ्यासासाठी शास्त्रपाठ : २ राजे अ. १२, ओव्या ४ ते १५. १ राजे अ. २१; एज्रा अ. ४ व ६; लूक अ. ७, ओव्या १ ते १०, याकोब अ. २, ओव्या १ ते ९.)

इंदापूर तालुक्यातील वरकुट्याच्या बाजूच्या एका बंधूने आम्हांस दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या वस्तीवरील प्रार्थनामंदिराच्या भिंती खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. त्यास आता बरेच पावसाळे लोटले. त्यांचा पहिला प्रश्न असा की, अशा कामाच्या वर्गणीचा हिशोब मंडळीत उघडपणे मागणे हे बंधुप्रीतीस सोडून आहे काय? दुसरा प्रश्न असा की, गावातील काही शेजारी ख्रिस्ती नसता आपण होऊन या कामास रक्कम देऊ म्हणतात. ती घ्यावी किंवा न घ्यावी? या प्रश्नांस होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येईल. परंतु तसे उत्तर कोणाच्या मनात फार दिवस राहत नाही. म्हणून आम्ही आज वाचकांपुढे एका जुन्या देवालयाची हकीकत ठेवतो. त्या देवालयाच्या भिंतीही अशाच अर्ध्यावर थांबल्या होत्या. आणि त्या एकदोन पावसाळे नव्हे, तर सुमारे चाळीस वर्षे थांबल्या होत्या.

आमच्या भागातून भिगवणास गाडीत बसून मुंबईस जाणारे पुष्कळ आहेत. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी कामधंद्यासाठी. चर्चगेट हे नाव त्या सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. स्टेशनाबाहेर उभे राहून पाहिले तर तेथे चर्चही नाही आणि गेटही नाही. मग हे नाव आले कोठून? पूर्वी मुंबईच्या इंग्रजी वस्तीस तटबंदी होती. त्या तटाच्या एका दरवाजातून आत शिरले म्हणजे समोरचा रस्ता नीट इंग्रजांच्या देवालयापाशी जात असे. म्हणून त्या दरवाजास चर्च गेट म्हणत. १८६० नंतरच्या काही वर्षांत तट पाडला गेला, त्याबरोबर दरवाजाही गेला. त्या जागी १८६४ साली उभारलेले कारंजे, ज्यास फ्लोरा फाउंटन म्हणतात, ते आजही हुतात्मा चौकात आहे. दरवाजा गेला तरी त्याचे नाव मात्र रेल्वेने पश्चिमेकडे आपल्या स्टेशनापर्यंत ओढून नेले. आजही स्टेशनातून पूर्वेकडे वीर नरिमन रस्त्याने चालत गेले, हुतात्मा चौक ओलांडला, की हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे ते देवालय लागते. हेच संत थोमाचे देवालय. एके काळी मुंबईतील मैलांचे दगड याच देवालयापासून मोजलेले असत. त्यांपैकी काही दगड शहराच्या रस्त्यांच्या कडेस अजून सापडतात. त्यांवर या देवालयापासून अमुक मैल असे कोरलेले आहे.

आता त्याच्या आरंभाकडे वळू. १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजास आंदण दिली, आणि १६६८ साली त्या राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. जेराल्ड आंजियर हा १६६९ पासून तेथला गव्हर्नर होता. हा मनुष्य दूरदृष्टीचा होता. मुंबईत न्यायकोर्ट स्थापावे, व्यापारी लोकांस अभय देऊन वसवावे, त्यांच्या धर्मात हात घालू नये, अशी त्याची राहणी होती. आपल्या लोकांस उपासनेसाठी किल्ल्यातील खोलीखेरीज दुसरी जागा नाही हे त्यास बरे वाटले नाही. १६७५ साली त्याने प्रभुभोजनासाठी चांदीचा एक प्याला अर्पण केला, आणि १६७६ साली देवालयाच्या बांधकामास आरंभ झाला. प्याला आधी आला व भिंती मागून, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे योवाश राजाच्या हकीकतीत त्याचा उपयोग होईल.

१६७७ च्या जून महिन्यात आंजियर सुरतेस मरण पावला. भिंती सुमारे पंधरा फूट उंच झाल्या होत्या. तेथे काम थांबले. १६८३ साली मुंबईतील कॅप्टन केग्विन याने कंपनीविरुद्ध बंड केले. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने बेटावर उतरून किल्ल्यास वेढा दिला. आणि रोगराई तर दर पावसाळ्यात ठरलेलीच होती. अशा काळी देवालय कोण बांधतो, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु केवळ संकटांनी काम अडले असे म्हणून चालत नाही. त्याच वर्षांत वखारी चालल्या, गलबते भरली, व्यापार झाला. मग त्या कामासाठी जमविलेल्या पैशाचे काय झाले?

येथे एका साक्षीदारास बोलाविले पाहिजे. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या खलाशी-व्यापाऱ्याने त्या काळच्या पूर्वेकडील देशांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तो सांगतो की, या देवालयासाठी पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली होती, आणि सर जॉन चाइल्ड हा मुंबईचा कारभारी झाल्यावर ती त्याने आपल्या घशात घातली. हॅमिल्टन हा कंपनीबाहेरचा व्यापारी. कंपनीच्या कारभाऱ्यांवर त्याचा दात होता. तेव्हा त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणास चोर ठरविणे आम्हांस योग्य वाटत नाही. चाइल्ड १६९० साली मरण पावला, आणि तो आपली बाजू मांडावयास येणार नाही. परंतु यातच मुख्य गोष्ट आहे. ज्या वर्गणीचा हिशोब उघड्यावर ठेवला जात नाही, तिच्यासंबंधाने चोरी झाली असो वा नसो, मनुष्याचे नाव तीनशे वर्षे डागाळलेले राहते. हिशोबाची वही प्रामाणिक मनुष्याचा बचाव करते. आणि ज्यास आपल्या पाळकाविषयी व वडिलांविषयी खरा आदर आहे, त्यानेच ती वही आधी मागितली पाहिजे.

आता २ राजे याचा बारावा अध्याय उघडावा. योवाश राजाने याजकांस सांगितले की, मंदिरात येणारा पैसा घ्या आणि जेथे जेथे मोडतोड असेल तेथे दुरुस्ती करा. आज्ञा चांगली होती, याजकही काही लुटारू नव्हते. तरी राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एक भगदाडही बुजले नाही. सहावी ओवी हे इतक्या साधेपणाने सांगते की, वाचणारा थबकतो. पैसा कोणी खाल्ला असे शास्त्र म्हणत नाही. पैसा आला आणि काम झाले नाही, एवढेच म्हणते. बहुतेक मंडळ्यांत असेच घडते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले, आणि ती वेदीजवळ, येणाऱ्या सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी ठेवली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजीत व थैल्यांत बांधीत. तो मोजलेला पैसा कामावरील मुकादमांच्या हाती जाई, आणि त्यांच्याकडून सुतारांस, गवंड्यांस व पाथरवटांस मिळे.

या अध्यायाच्या पंधराव्या ओवीवर काही लोक बोट ठेवितात; कारण तेथे असे आहे की, त्या मुकादमांपाशी हिशोब मागत नसत, कारण ते इमानाने वागत. 'पाहा, शास्त्रच हिशोब मागू नका म्हणते,' असे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. परंतु दहावी ओवी सोडून पंधरावी वाचणे म्हणजे पाया सोडून छप्पर घालणे होय. पैसा पेटीतून निघतानाच दोघांच्या देखत मोजलेला होता, त्यांतील एक मंदिराचा व एक दरबाराचा. इतका बंदोबस्त आधी झाला म्हणून मागाहून कामगारांवर विश्वास टाकता आला. आणखी एक बारीक गोष्ट तेराव्या ओवीत आहे. त्या पैशातून चांदीचे प्याले किंवा कर्णे केले नाहीत. आधी भगदाडे बुजविली. आंजियरने प्याला दिला तो आपल्या खुशीने दिला, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. तथापि देवालय बांधून होण्याच्या आधी त्यातील सामानाची शोभा ठरविण्याची हौस आमच्या मंडळ्यांतही आहे. भिंतीस छप्पर नाही, पण ध्वनिक्षेपक कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर दोन सभा होतात!

छप्परावाचून राहिलेल्या भिंतीचे काय होते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसाचे पाणी वरून भिंतीच्या पोटात शिरते. चुना किंवा माती धुऊन जाते. दोन्ही बाजूंचे दगड सुटे होतात. फटीत पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे पुढचे काम करितात. म्हणून ज्यांचे काम अडले असेल त्यांनी, पैसा येईपर्यंत, निदान भिंतीच्या माथ्यावर चुन्याचा किंवा सिमेंटाचा थर देऊन पाणी बाहेर उतरेल असे करावे. यास फार खर्च लागत नाही, आणि पुढील खर्च पुष्कळ वाचतो.

मुंबईच्या त्या भिंतींकडे १७१४ साली नवीन आलेल्या एका पाळकाची दृष्टी गेली. त्याचे नाव रिचर्ड कॉब. १७१५ साली त्याने गव्हर्नर व व्यापारी यांच्या पुढे उपदेश करिताना उघडपणे सांगितले की, शेजारच्या इतर सर्व धर्मांच्या लोकांस त्यांची उपासनास्थाने आहेत, आणि आपण मात्र इतकी वर्षे पैसा मिळवीत असून देवाच्या घरावाचून आहोत. हे शब्द त्यांस लागले. वर्गणी सुरू झाली. कॉबने मुंबईवरच भिस्त ठेविली नाही. इतर वखारींतील लोकांसही पत्रे लिहिली. डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून हा गव्हर्नर झाला, आणि त्याने काम पुढे रेटले. आंजियरच्या मरणाने जे थांबले ते एका मनुष्यावर टेकलेले होते. कॉबने ते अनेकांवर टेकविले, आणि तीन वर्षांत देवालय उभे राहिले. १७१९ च्या सुमारास तो मुंबई सोडून गेला. परंतु पुढे १७६६ साली, म्हातारपणी, त्याने या बांधकामाची हकीकत लंडनात पुस्तकरूपाने छापून ठेविली. म्हणूनच आज आपणांस त्या कामाची इतकी माहिती आहे. जो मनुष्य देवालय बांधून त्याचा वृत्तांतही लिहून ठेवितो, तो पुढील पिढीवर दुप्पट उपकार करितो.

कॉबने वर्णिलेले देवालय असे होते. आत दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, आणि त्यामुळे लांबीच्या दिशेने तीन दालने. मधले रुंद, बाजूची अरुंद. तिन्हींवर दगडाची कमानदार छते. पूर्वेच्या टोकास अर्धा घुमट, त्याखाली तीन पायऱ्या चढून प्रभुभोजनाचे मेज, आणि पुढे कठडा. ज्यांनी ओढ्यावरील दगडी पूल बांधताना पाहिला आहे त्यांस कमानीचा स्वभाव ठाऊक असेल. कमान वरचे ओझे पेलते खरी, पण ते ओझे ती बाहेरच्या बाजूस ढकलते. पुलास दोन्ही काठांचा आधार असतो. देवालयास काठ नाहीत. म्हणून मधल्या मोठ्या कमानीचा रेटा बाजूच्या लहान कमानी घेतात, आणि त्यांचा रेटा बाहेरील जाड भिंती घेतात. अशा छतास लाकूड लागत नाही, वाळवी लागत नाही, आग लागत नाही. त्या काळी समुद्रावरून शत्रूचे भय असे. तेव्हा तोफेच्या गोळ्यासही छताने दाद देऊ नये असा हेतु होता, असेही सांगतात. खेड्यातील मंडळीने अशी कमान बांधण्याच्या भरीस पडू नये. पत्रा किंवा स्लॅब आपल्या ऐपतीस पुरेसा आहे. परंतु आकृतीतील अर्थ घेण्यास पैसा पडत नाही. दार पश्चिमेस, मेज पूर्वेस, आणि दोहोंमध्ये सरळ मोकळी वाट. आत येणाऱ्याच्या दृष्टीस पहिल्याप्रथम प्रभूचे मेज पडावे, मनुष्याची खुर्ची नव्हे.

कॉब साहेबाने आपल्या देवालयाच्या प्रतिध्वनीची मोठी वाखाणणी केली आहे. दगडी छताखाली शब्द घुमतो यात नवल नाही. परंतु उपदेश करणाऱ्यास प्रतिध्वनि इतका प्रिय का वाटावा, हे आम्ही त्याच व्यवसायातील असल्यामुळे सांगत नाही!

बसण्याची व्यवस्था मात्र वाचून खेद होतो. गव्हर्नरासाठी, त्याच्या मंडळातील सभासदांसाठी, त्यांच्या स्त्रियांसाठी, वरिष्ठ व्यापाऱ्यांसाठी अशा जागा दर्जाप्रमाणे नेमलेल्या होत्या. हलक्या दर्जाच्या स्त्रिया असे नाव देऊन त्यांसाठीही निराळी जागा राखली होती. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला व मळकट वस्त्रांचा, अशा दोघांस कोठे बसवितात हे विचारले आहे; ते पत्र त्या देवालयात नक्कीच वाचले जात असेल. आपण त्यांस हसू नये. कोणत्या घराण्याचे लोक पुढे बसतात व कोण दाराशी, हे आपल्या सभांतही डोळे उघडे ठेवून पाहावे.

१७१८ च्या नाताळाच्या दिवशी देवालय उघडले. गव्हर्नर बून मंडळासह आला; उपासना झाली; एका बालकाचा बाप्तिस्मा झाला; कॉबने उपदेश केला; मागाहून मेजवानी झाली. त्या दिवशी पाहुण्यांत एक हिंदू गृहस्थ आपल्या जातीच्या लोकांसह आला होता, आणि उपासना संपेपर्यंत शांतपणे थांबला होता. कॉबने ते कौतुकाने नमूद केले आहे. त्याचे नाव रामा कामती. हा गौड सारस्वत ब्राह्मण, मोठा व्यापारी, आणि कंपनीच्या हिंदी शिपायांचा अधिकारी होता. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्याने १७१५ साली केला. आणि इंग्रजांच्या या देवालयास त्याने देणगी दिली.

आमच्या बंधूच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याचे दान घेण्याविरुद्ध एज्राचा चौथा अध्याय दाखविला जातो. तेथे जरुब्बाबेलाने परक्या लोकांस बांधकामात भाग घेऊ दिला नाही. परंतु त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दारयावेश राजाच्या खजिन्यातून त्याच मंदिराचा खर्च दिला गेला, आणि वडिलांनी तो घेतला. राजाच्या सहाव्या वर्षी मंदिर पूर्ण झाले. दोहोंत भेद काय? पहिल्यांस बांधकामात वाटेकरी व्हावयाचे होते, आणि शास्त्र त्यांस आरंभीच शत्रू म्हणते. दुसऱ्याने दिले आणि आपल्यासाठी प्रार्थना करा एवढे मागितले. लूकाच्या सातव्या अध्यायातील शताधिपति यहूदी नव्हता. तरी कफर्णहूमातील सभास्थान त्याने बांधून दिले होते, आणि यहुद्यांच्या वडिलांनीच प्रभूपाशी त्याची शिफारस केली. प्रभूने त्या देणगीस दोष लाविला नाही. उलट त्या मनुष्याच्या विश्वासाविषयी आश्चर्य केले. तेव्हा शेजारी प्रीतीने देत असेल, आणि त्या बदल्यात मंडळीच्या उपासनेवर किंवा मतांवर हक्क सांगत नसेल, तर उपकार मानून घ्यावे, आणि त्याचे नाव इतरांच्या नावांबरोबर वहीत लिहावे.

परंतु घेणाऱ्यावर जे ऋण चढते, ते त्या मुंबईकरांनी कसे फेडले हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरी बेटावर बूनने स्वारी केली आणि ती फसली. पराभवानंतर दोषी शोधावा लागतो. रामा कामतीने आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केला असा आरोप आला, आणि १७२० साली बून व त्याचे मंडळ यांच्यापुढे त्याची चौकशी झाली. पुरावा म्हणून त्याच्या शिक्क्याचे एक पत्र पुढे आणिले. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांवर लोखंड आवळून त्याच्याकडून कबुली घेतली. रामा कामतीची मालमत्ता जप्त झाली, त्यास तुरुंगात घातले, आणि तो तुरुंगातच मेला. पुढे असे उघडकीस आले की, ते पत्र व तो शिक्का बनावट होता.

१ राजे, एकविसावा अध्याय. ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याचा शिक्का केला, दोन अधम साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाचा द्राक्षमळा गेला व जीवही गेला. शिक्का होता, साक्ष होती, उपासाचा दिवसही नेमला होता. न्यायाचे सर्व सोंग पुरे होते. रामा कामतीवर ज्यांनी निकाल दिला ते त्या नव्या देवालयात दर रविवारी पुढच्या रांगांत बसत असतील. त्याच्या देणगीतून बसविलेले दगड त्यांच्या डोक्यावर होते. एलीया मात्र त्या दिवशी कोणी झाला नाही. देवालयाचा इतिहास सांगणारी पुस्तके ही गोष्ट बहुधा दोन ओळींत उरकून घंटाघराकडे वळतात. आम्हांस तसे करवत नाही. आपल्या गावात ज्या शेजाऱ्याने प्रार्थनामंदिरास वाळूची एक खेप दिली, त्याच्यावर उद्या खोटा आळ आला, तर मंडळीने चावडीवर किंवा कोर्टात उभे राहून त्याच्याविषयी खरे ते बोलावे लागेल. वाळू घेण्यापूर्वीच हे मनाशी ठरवावे.

पुढील इतिहास थोडक्यात देतो. देवालय उघडून जवळजवळ शंभर वर्षे झाली तरी त्याचा विधिपूर्वक संस्कार झाला नव्हता, कारण हिंदुस्थानात बिशपच नव्हता. कलकत्त्याचे पहिले बिशप मिडल्टन यांनी १८१६ साली तो केला, आणि देवालयास प्रेषित थोमाचे नाव दिले. हिंदुस्थानात शुभवर्तमान प्रथम थोमाने आणिले अशी केरळातील प्राचीन मंडळीची परंपरा आहे. ते नाव देण्यात बिशपसाहेबांनी निदान एवढे कबूल केले की, या देशात ख्रिस्ताचे नाव इंग्रजांच्या गलबतांबरोबर आलेले नाही. १८३७ साली मुंबईचा बिशपप्रांत निराळा झाला, टॉमस कार हे पहिले बिशप झाले, आणि हे देवालय कॅथेड्रल ठरले. पश्चिमेकडील बुटके घंटाघर १८३८ च्या सुमारास वाढवून उंच मनोरा केला व त्यावर घड्याळ बसविले. १८६० नंतर सर्वच इमारत नव्याने सजविण्याचा मोठा बेत निघाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता. पूर्वेकडील वेदीचा भाग नव्या गॉथिक पद्धतीने, टोकदार कमानींनी बांधून झाला, तोच १८६५ साली सट्ट्याचा बाजार कोसळला आणि बाकीचा बेत तसाच राहिला. म्हणून आज आत उभे राहिले तर पश्चिमेकडील भाग एका काळचा व पूर्वेकडील दुसऱ्या काळचा दिसतो. कॉबचा अर्धघुमट आता नाही. दारासमोरील कारंज्याचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचा असून त्याचा खर्च सर कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी दिला. पुन्हा एक शेजारीच!

भिंतींवर संगमरवरी स्मारके पुष्कळ आहेत. बहुतेक लष्करी व मुलकी अंमलदारांची. त्यांत गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक अवश्य पाहावे. ते १८११ साली मुंबईत वारले. काशीप्रांती व काठेवाडात जन्मलेल्या मुलींस मारून टाकण्याची चाल बंद करण्यासाठी त्यांनी खटपट केली, तिची आठवण त्या दगडात कोरलेली आहे.

हे देवालय आरंभी आपल्या लोकांसाठी बांधलेले नव्हते, हे आम्ही लपवीत नाही. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले तेव्हा कंपनी सरकारास ते नकोसे होते. मराठीत उपदेश करण्यासाठी त्या मिशनने आपले साधे उपासनागृह १८२३ साली बांधले, आणि १८२६ साली मराठी नवा करार छापून काढला. मनोऱ्याच्या सावलीत जे शंभर वर्षांत झाले नाही ते त्या लहान घरातून झाले. परंतु २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, आणि अमेरिकन मिशनच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या मंडळ्या व बिशपांच्या मंडळ्या एका घरात आल्या. तेव्हापासून वरकुट्याच्या वस्तीवरील पत्र्याखालचे मेज व मुंबईच्या दगडी कमानीखालचे मेज ही एकाच मंडळीची आहेत. २००४ साली, जुन्या इमारतीची दुरुस्ती काळजीपूर्वक केल्याबद्दल, युनेस्कोने या देवालयास पारितोषिक दिले.

ज्या मंडळीचे काम अडले आहे तिने पुढील सभेत असे करावे. दानपेटी सर्वांच्या देखत मेजाजवळ ठेवावी, आणि तिच्या किल्ल्या एकाच घरात नसाव्यात. उघडताना पाळकाखेरीज दोघे असावेत, त्यांतील एक शक्य तर बायकांपैकी. रक्कम त्याच रविवारी उपासना संपण्यापूर्वी वाचून दाखवावी, आणि गवंड्यास व सामानास दिलेला प्रत्येक रुपया महिन्याच्या महिन्यास कागदावर लिहून दारावर लावावा, म्हणजे वर्गणी देणारा शेजारी सभेत येत नसला तरी जाता येता वाचील. मागील वर्षांचा हिशोब सापडेल तितका जुळवावा. न सापडेल तो सापडत नाही असे लिहून खाली वडिलांनी सह्या कराव्या, आणि नवी वही त्या दिवसापासून सुरू करावी. मग २ राजे याचा बारावा अध्याय पूर्ण वाचावा. दहावी ओवी दोन वेळा.